शेणावरची काडी

दौलतरावांच्या आजोबांच्या तबेल्यात घोडे होते. दौलतरावांच्या वाट्याला तीन म्हशी आल्या. रुबाब मात्र तोच. पोलोग्राउंडमागच्या गल्लीत पहिला गोबरगॅस त्यांनीच बसवला, आणि निळी ज्योत बघायला अख्खी गल्ली लोटली.

सून कमल तर हरखूनच गेली. धूर नाही, काजळी नाही. वर्षानुवर्षं छळणारा खोकला पळाला, तोही खरोखरीच सुंठीवाचून!

मग धापूबाई दारात आली. गोठा तीच झाडायची आणि मोबदल्यात शेण न्यायची. गोवऱ्या थापून विकायची, उरलेल्यांवर आपली भाकर भाजायची. दौलतराव ओसरीवरूनच गरजले, "अब गोबर नहीं मिलेगा. सब टाकी में जाता है."

"बाईजी, फिर मैं क्या थापूँ?" धापूबाईनं कमलला विचारलं.

कमल पदर सावरत आत वळली. गरज सरो, वैद्य मरो! पण त्या दिवसापासून तिला चैन पडेना. ज्योत लावताना हात थबकायचा. एवढी चांगली गोष्ट, मग तिची लाज का वाटावी?

थंडी पडली आणि गॅस मंदावला.

"शेण कम पडतंय, सूनबाई," दौलतराव म्हणाले. "मैदानातून घेऊन ये. सकाळी लवकर जा, कुणी बघणार नाही."

डोक्यावर पदर, हातात घमेलं घेऊन कमल निघाली. शेणाच्या पहिल्याच पोवर काडी खोचलेली होती, तिला लाल लुगड्याची चिंधी. धापूबाईची खूण. काडी लागली की त्या शेणाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा तिथला जुना रिवाज. पुढच्या पोवरही चिंधी, त्याच्या पुढच्याही. सगळं मैदान त्या बाईनं पालथं घातलं होतं. कमलनं एक काडी उपटलीसुद्धा. मग स्वतःचाच भयंकर राग येऊन ती परत खोचली.

रिकामं घमेलं घेऊन ती थेट गोठ्यात शिरली. खराट्याची काडी मोडली, पदराची चिंधी फाडून बांधली आणि म्हशीच्या ताज्या शेणात रोवली.

"हे काय?" मागून आलेल्या दौलतरावांनी विचारलं.

"काडी लावलीय, मामंजी. एका म्हशीचं धापूबाईचं."

"और गॅस? पुरणार कसा?"

"एक वेळ चूल पेटवीन. खोकेन."

दौलतराव लाल झाले. घमेलं हिसकावून तरातरा पुढे गेले, काडीपाशी वाकले. हात तसाच राहिला. मग पुटपुटत त्यांनी काडीला वळसा घातला आणि दुसऱ्या म्हशीकडे गेले.