वालाच्या शेतातले काळे गोल

जागा एकच होती आणि ती मलाच मिळावी असं मला ठाम वाटत होतं. नम्रपणा माझ्यात पहिल्यापासून जरा कमीच.

मुलाखत व्हिडिओवर होती. मी रोह्याजवळच्या खांब गावातल्या आमच्या घरात, ओटीवर लॅपटॉप मांडून बसले होते. दाराआड आई कान देऊन उभी. पुण्याच्या कंपनीतून मुलाखत घेणाऱ्या देशमाने साहेबांना माझी सगळी वाटचाल हवी होती, ती सांगितली. रोह्यात बारावी, मुंबईत इंजिनिअरिंग, डोलवीला एका ठेकेदाराकडे हजेरीचं सॉफ्टवेअर, मग पुण्यात नोकरी. ती सोडून घरी आले आणि ड्रोनच्या फोटोंवरून वालावरचा रोग ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिलं.

साहेबांनी पडद्यावर आमच्याच शिवारातला एक फोटो लावला. हिरव्या वालात काळे गोल.

"भाविका, इथे आमचं सॉफ्टवेअर रोग दाखवतं. तुमचं म्हणतं, पीक ठणठणीत. चूक मान्य करा, सुधारता येईल. बाकी तुमचं काम आम्हाला आवडलंय."

"व्हय म्हण गो," आई दाराआडून कुजबुजली. "हातची नोकरी घालवू नको."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चूक नाही, सर. तो रोग नाही, पोपटी आहे."

"म्हणजे काय?"

सांगत बसण्यापेक्षा मी लॅपटॉप उचलला आणि मागच्या शेतात गेले. माझा भाऊ नितेश आणि त्याचे मित्र जाळ बाजूला सारत होते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेटवायचं. थंडीत आमच्याकडे घरटी हेच चालतं.

"आता उचल," मी नितेशला म्हटलं.

मडकं उचललं. खाली काळं कडं उमटलं होतं आणि मधोमध मडक्याएवढी जमीन कोरी.

"रोग आतून बाहेर पसरतो, सर. त्याचा मधला भाग आधी मरतो. इथे मधलाच भाग शाबूत आहे. हा फरक मी माझ्या सॉफ्टवेअरला शिकवलाय. तुमच्या सॉफ्टवेअरचं ऐकलं तर लोक पोपटीवर औषध फवारतील."

 साहेबांनी फोटो मोठा करून एकेक गोल पाहिला. प्रत्येकाचा मधला भाग कोरा होता.

"आमच्या सॉफ्टवेअरने असे किती गोल रोग म्हणून धरले असतील?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते पुण्यात आल्यावर मोजते," मी म्हटलं.

ते हसले. "सोमवारी या मग. मोजायला."

आई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. मघाशी व्हय म्हण म्हणणारी ती बाई पदर सावरून थेट पडद्यासमोर आली.

"सोमवारी नाय जमायचं, साहेब," ती म्हणाली. "मंगळवारी पाठवते. सोमवारी हिच्या मैत्रिणींची पोपटी हाय."