आत्याचं कॉलेज

राज्यातल्या सगळ्या नर्सिंग कॉलेजांची झाडाझडती घ्यायची, असं वर ठरलं. सरकारी कॉलेजांतल्या शिक्षिकांमधून तपासणीची पथकं निवडायची होती. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. चिमीने मात्र स्वतःहून नाव दिलं. अर्धवट शिकलेल्या नर्सेस तिच्या वॉर्डात येत आणि त्यांना सलाईन लावण्यापासून शिकवताना तिच्या नाकी नऊ येत, हे खरंच होतं. पण मनातून तिला एकच कॉलेज हवं होतं. आत्याचं.

चिमी हे तिचं घरातलं नाव. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने नवऱ्याच्या छोट्या दवाखान्याला मजला चढवून नर्सिंग कॉलेज काढलं, आणि वडिलांनी मोठ्या विश्वासाने चिमीला तिथे घातलं. आत्याची मुलगी बेबीही त्याच वर्गात होती. शिकवायला धड कोणी नव्हतं. मुलींना सरळ वॉर्डात सोडायचे. पगारी नर्स ठेवण्यापेक्षा विद्यार्थिनी फुकटात मिळत होत्या.

एके दिवशी दुपारी बेबीने एका शिंप्याला पोटॅशियमचं इंजेक्शन दिलं. ते सलाईनच्या बाटलीत मिसळून हळूहळू सोडायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने ते थेट शिरेत दिलं. सुई बाहेर यायच्या आत माणूस गेला. चिमी शेजारच्याच खाटेपाशी ताप बघत होती.

शिंप्याचे नातेवाईक दारात जमले, तेव्हा आत्याने चिमीला आत ओढलं.

"तू घेशील ना अंगावर? बेबीचं लग्न ठरतंय. तू घरचीच आहेस, मी सांभाळून घेईन."

चिमी नाही म्हणाली. त्यावर आत्या बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर चिमीकडे बोट दाखवलं. शिंप्याच्या बायकोच्या पायावर तिला डोकं टेकवायला लावलं. बेबी खांबाआड उभी होती. संध्याकाळी वडील न्यायला आले. चिमीने त्यांना खरं काय ते सांगितलं, तर ते म्हणाले, "माझी बहीण खोटं बोलेल?" त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. चिमी मामाकडे राहून पहिल्यापासून शिकली, शिकवायला लागली, पण ते पाय आणि तो खांब तिच्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत.

पथकाच्या प्रमुख एक निवृत्त मेट्रनबाई होत्या. उंच, आवाजाने खणखणीत. आत्याच्या कॉलेजचं नाव आलं तेव्हा चिमीने त्यांना नातं सांगून टाकलं आणि आकसही लपवला नाही. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मग अहवालावर सही तू करायची नाहीस. बोल तू, बघेन मी."

आत्या पायऱ्यांवर गुच्छ घेऊन उभी होती. चिमीला बघून तिचा चेहरा क्षणभर उतरला, पण ती मुरलेली बाई. "अगं बाई, चिमे! केवढी मोठी झालीस!" म्हणत पुढे आली. चिमीने गुच्छ घेतला आणि न बघता मागे शिपायाच्या हातात दिला.

"वॉर्ड बघू या, मॅडम," ती आत्याला म्हणाली.

वॉर्ड गच्च भरलेला. एकही खाट रिकामी नाही. चादरींच्या घड्यांच्या रेघाही मोडल्या नव्हत्या, आणि खाटांखाली चिखलाने माखलेल्या चपला. उलट्या थांबत नाहीत म्हणून भरती केलेले एक गृहस्थ भज्यांचा फडशा पाडत बसले होते. भाड्याचे पेशंट! चिमीच्या वेळी निदान खरे पेशंट तरी होते. तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

एका धट्ट्याकट्ट्या पेशंटच्या केसपेपरवर लिहिलं होतं, शौचास होत नाही, पोट फुगलंय, एनिमा द्यावा.

"अजून दिला नाही?" चिमीने उपप्राचार्यांना विचारलं. उपप्राचार्या म्हणजे बेबीच. ती भिंतीला टेकून उभी होती. "मुलींनो, तयारी करा. भांडं, नळी, साबणाचं पाणी. कसा देतात ते उपप्राचार्या दाखवतील."

मुली एकमेकींची तोंडं बघू लागल्या. नळी कपाटात होती, पण कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी भांडं आलं. बेबीने थरथरत्या हाताने नळी उलट्या बाजूने धरली. पेशंटने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा बेबीकडे.

"हे ठरलं नव्हतं हं!" तो म्हणाला आणि उठला. "नुसतं झोपून राहायचं म्हणाला होतात. माझं पोट ठणठणीत आहे!"

चपला हातात घेऊन तो जो पळाला, त्याच्यामागे प्लास्टरवाला गृहस्थही दोन्ही पायांवर धावत सुटला. भजीवाल्याने पुडी तेवढी आठवणीने बरोबर घेतली. बघता बघता वॉर्ड रिकामा झाला. मुलींमधल्या कोणाला तरी हसू आवरेना.

आत्याने आपल्या केबिनमध्ये शेवटचा डाव टाकला. मेट्रनबाईंना म्हणाली, "ही माझी सख्खी भाची आहे. जुना डूख धरून आलीये. ही तपासणी टिकणार नाही, सांगून ठेवते."

"तिने मला आधीच सांगितलंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "म्हणून सही माझी आहे. आणि माणसं पळाली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती काही तिच्या डुखामुळे पळाली नाहीत."

आत्या खुर्चीत बसली. मग तिने ते केलं, ज्याची चिमी वाट बघत होती. हात जोडले. "चिमे, आयुष्य घातलंय गं मी यात."

"शिंप्यानेही घातलं होतं," चिमी म्हणाली आणि बाहेर पडली. तिला वाटलं होतं, रडू येईल. पण तिला कडकडून भूक लागली होती.

कॉलेज बंद झालं. मुलींना सरकारी कॉलेजात हलवलं, जिथे खाटा खऱ्या होत्या आणि माणसंही. वडील चिमीच्या घरी आले. पांढरे केस, हातात टोपी. म्हणाले, "ती माझी बहीण आहे गं." चिमीने चहा ठेवला आणि साखर किती विचारली. चहा पिऊन ते गेले.

बंद पडलेल्या कॉलेजांतल्या शिक्षिकांना पुन्हा शिकवायचं असेल तर आधी वॉर्डात प्रशिक्षण घ्यावं लागे. बेबी आली ती चिमीच्याच वॉर्डात. दुसरीकडे बदली मागता आली असती, तिने मागितली नाही. चिमीने तिला खाटा आवरायला लावल्या. चादरीचा कोपरा जरा सैल दिसला की म्हणायची, "पुन्हा." विद्यार्थिनी बघत असायच्या. चिमीला यात मजा वाटत होती, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

एका सकाळी सलाईन चढवलेल्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी चिमीने पोटॅशियमची कुपी बेबीच्या हातात ठेवली.

"सांगा मुलींना. हे थेट शिरेत दिलं तर काय होतं?"

बेबीने कुपीवरचं नाव वाचलं. "हृदय थांबतं."

"पुस्तकात वाचलंय, की पाहिलंय?"

"पाहिलंय."

"कोणी दिलं होतं?"

मुलींच्या वह्यांवरचे पेन थांबले. बेबी चिमीकडे बघत होती. चिमीने नजर हलवली नाही.

"मी," बेबी म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मी दिलं होतं. हिने नाही. आळ हिच्यावर घातला."

"अहो, माझ्या बाटलीत तेच आहे का?" म्हातारा घाबरून उठू लागला.

"झोपा आजोबा," बेबीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मिसळून दिलंय. हळूहळू जातंय. मी इथेच आहे."

त्या हाताला थरथर नव्हती. चिमीला ते आवडलं नाही. तिला बेबी कोसळायला हवी होती.

"लिहून घ्या," ती मुलींना म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. वॉर्डात कबूल केल्याचं बेबीने आईला सांगितलं होतं, आईने आपल्या भावाला. वडिलांनी घसा खाकरला.

"चिमे, मी त्या दिवशी..."

"बोला," चिमी म्हणाली. "पूर्ण बोला. मला घाई नाही."