बारा सेकंद आधी

“घोटा खरंच सुजलाय, की लाडात आलाय?” माझा पाय दाबून बघत कोचनी विचारलं. मी अशी काही किंचाळले की उत्तराची गरजच उरली नाही.

“झालं तर मग. उद्या तू खेळायचं नाहीस.”

उद्या म्हणजे बास्केटबॉलमध्ये शिक्षक विरुद्ध शाळेचा संघ! गणिताच्या बाईंना उघडउघड धक्का मारता येईल अशी वर्षातली एकुलती एक मॅच. माझं तोंड बघून कोचना दया आली असावी.

“बरं, शिक्षकांची कोच हो. मीही खेळणार आहे त्यांच्याकडून.”

मग बर्फ लावायला त्या मला आपल्या खोलीवर घेऊन गेल्या. शाळेमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. पलंग त्यांना आखूड पडतो, म्हणून पायथ्याशी एक स्टूल लावलेलं. कपाट होतं, पण कपडे बॅगेतच. चौदा वर्षं त्या पगारी खेळाडू होत्या. अकरा क्लब, अकरा गावं, दर वेळी नवी खोली. शेजाऱ्यांची तोंडं त्यांना आठवत नाहीत. पण कुठल्या हॉलमध्ये कुठल्या कोपऱ्यात बॉल नीट उसळत नाही, ते विचारा, घडाघडा सांगतील.

“कोच, तुमची शेवटची मॅच कशी झाली?”

“बसून झाली.” त्या हसल्या. “चाळीस मिनिटं बाकावर. दुसऱ्या दिवशी क्लबचा मेसेज आला. पुढच्या वर्षी गरज नाही, किल्ली ऑफिसात द्या.”

“बस? एवढंच?”

तेव्हा त्यांनी मला ती रीत सांगितली. एखादी मोठी खेळाडू खेळ सोडणार असली की तिच्या शेवटच्या मॅचमध्ये, वेळ संपायच्या जरा आधी, तिला मुद्दाम बाहेर बोलावतात. ती एकटी चालत येते आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो.

“छान असतं ते. मी चौघींसाठी उभी राहिलेय,” त्या म्हणाल्या आणि बर्फाची पिशवी पालथी केली.

माझं डोकं तिथेच धावायला लागलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गांना निरोप गेला होता. मी हात वर केला की उठायचं आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटायच्या. कोचना वास लागता कामा नये. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

मॅचच्या सुरुवातीला कोच नुसत्या हसत होत्या आणि मिळालेला बॉल ग्रंथपाल सरांच्या हातात देत होत्या. सर तो गरम पातेल्यासारखा टाकून देत होते. मग आमच्या कॅप्टनची, म्हणजे चिमणीची, जीभ वळवळली.

“कोच, दमलात? उशी आणू का?”

कोचनी गुडघ्याचा पट्टा आवळला. त्यानंतर नऊ बास्केट! चिमणी त्यांच्या मागे नुसती गरगर फिरत होती. एरवी रेषेबाहेर उभ्या राहून ओरडणाऱ्या कोच मला माहीत होत्या. आत पळणारी ही बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला आमची कुणाचीच आठवण नव्हती.

शेवटचं मिनिट सुरू झालं. खेळ थांबल्याशिवाय खेळाडू बदलता येत नाही आणि खेळ काही थांबेना. अखेर चिमणीच्या हाताला लागून बॉल बाहेर गेला. शिट्टी झाली. बारा सेकंद उरले होते.

“बाई, जा! कोचच्या जागी!”

“मी? आत्ता?” गणिताच्या बाई बाटली सांडत उठल्या.

बदलीचा भोंगा वाजला. कोच वळल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग गुणफलकाकडे. म्हणून मीही पाहिलं. आम्ही, म्हणजे शिक्षक, एका गुणाने मागे होतो आणि बॉल आमच्याकडे होता. एवढा वेळ मी फक्त घड्याळच बघत बसले होते.

“मी?” कोचनी छातीवर बोट ठेवलं.

माझा हात आधीच वर गेला होता. हॉल उठला. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं, नुसता दणदणाट. त्यातून कोच मान खाली घालून चालत आल्या.

“गुडघा दुखत नव्हता माझा,” त्या हळूच म्हणाल्या. “काय चुकलं?”

चाळिशी ओलांडलेली माझी कोच मला विचारत होती, काय चुकलं!

“काही नाही, कोच! तुम्हीच सांगितलं होतंत ना काल... मोठ्या खेळाडूंना... ह्या टाळ्या तुमच्यासाठी आहेत.”

त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. सगळ्यांकडे, सावकाश. मग माझ्या डोक्यावर टपली मारली.

“वेडाबाई. एका गुणाने मागे असताना नाही गं काढत कुणी.”

त्या जाऊन बाकाच्या पार टोकाला बसल्या. मैदानात बॉल बाईंच्या हातात आला, तशा कोच ताडकन उठल्या. “बाई, मारा! शाब्बास! मारा!”

बाईंनी डोळे मिटून मारला. रिंगलासुद्धा लागला नाही. भोंगा वाजला आणि सगळे हसत मैदानात धावले.

कोच जागच्या जागी उभ्या राहून बाईंसाठी टाळ्या वाजवत होत्या. एकसारख्या, न थकता, सवयीच्या. माझ्या आणि त्यांच्यामध्ये बाकावर तीन माणसांची जागा रिकामी होती. ती ओलांडून जायचं माझं धाडस झालं नाही.