चार गावांची लीग

माझा भाऊ रेनो हट्टी होता. आम्हा हाकालांपैकी हट्टीपणा कुणालाच चुकलेला नाही. बाकीच्यांनी तो बांधाच्या भांडणांत नि लग्नांत घालवला, रेनोने आइस हॉकीत.

त्याचा मुलगा टाउनो पंधराव्या वर्षी दक्षिणेला गेला. सुपीरिअर सरोवराच्या वरच्या अंगाला आमची गावं, तिथली तेव्हा रीतच होती ती. पोरगा बर्फावर जरा चमकला की दक्षिणेतल्या एखाद्या क्लबचा माणूस यायचा, आईबापांशी गोडगोड बोलायचा, आणि पोरगा परक्यांच्या घरी राहून ज्युनिअर संघात खेळायला जायचा. टाउनो निघाला तेव्हा आमचं अख्खं केस्ट्रल गाव बसथांब्यावर लोटलं होतं. नाताळात परत आला तो मुका झाल्यासारखा. तिथे काय झालं ते त्याने बापाला सांगितलं नाही, आईला नाही, आत्या म्हणून मला तर नाहीच. वर्षभरात खेळ सुटला. मग तो पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला. नाताळात फोन यायचा, तोही आईला.

"मीच पाठवला त्याला," रेनो म्हणायचा. "हाताला धरून बसमध्ये मीच बसवला."

त्यातूनच ती लीग निघाली. हमरस्त्यावरची चार गावं: केस्ट्रल, लाँगबो, ड्यूफो आणि टर्न लेक. प्रत्येक गावाचा एक संघ, पोरं आपापल्या घरी जेवणार, आपल्याच अंथरुणात झोपणार. रेनो कागद कारखान्यातली पाळी संपवून गावोगाव हिंडला. लाँगबोचा ऑर्विल पेटिग्रू, रेनोचा जुना प्रतिस्पर्धी, पोट धरून हसला.

"चार जणांत लीग? रेनो, चार जणांत पत्ते खेळतात रे."

"मग पान टाक. येतोस की नाही?"

"येतो रे बाबा. नाहीतर तू माझ्या अंगणातच तंबू ठोकशील."

पहिला हिवाळा सोन्यासारखा गेला. शनिवारी रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, बसायला जागा मिळायची नाही. मी तिथल्या खाऊच्या खिडकीत बसून बटाट्याचे काप तळायचे आणि हेल्वीने, म्हणजे रेनोच्या बायकोने, भाजलेला वेलदोड्याचा पाव विकायचे. आमच्या संघाचा कोच अर्थात रेनो, आणि संघात क्लेमाँ जर्वे नावाचा पोरगा होता. आई सोलांज गावच्या दवाखान्यात नर्स, बाप कधीच निघून गेलेला. क्लेमाँ स्केटवर वळायचा ना, तेव्हा समोरच्याला कळायचंच नाही की हा इथे होता तो गेला कुठे. टर्न लेकचा गोलरक्षक एकदा वैतागून ओरडला होता, "याच्या गळ्यात घंटा बांधा कुणीतरी!"

त्या वसंतात दक्षिणेचा माणूस आला, क्लेमाँला न्यायला. सोलांज क्लेमाँला घेऊन रेनोकडे धावत आली. मी तिथेच होते.

"तुम्ही सांगा, मिस्टर हाकाला. तुम्ही सांगाल तसं करू."

रेनो क्लेमाँकडे बघत राहिला. "इथे काय कमी आहे तुला? इथेच खेळ. आपली लीग वाढली की ते लोक इथे येऊन तुला बघतील. घर सोडू नकोस, पोरा."

"बरं, कोच," क्लेमाँ म्हणाला. लगेच म्हणाला, एवढा विश्वास. सोलांजने रेनोचे हात धरले आणि रडली.

दुसऱ्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी आम्ही लाँगबोला होतो. सामना ऐन रंगात. कुणीतरी बाहेरून आलं आणि वरच्या रांगेतल्या माणसाच्या कानाला लागलं. तो माणूस उठला. त्याच्या शेजारचा उठला. बघता बघता बाकं रिकामी व्हायला लागली. ओरडा नाही, धक्काबुक्की नाही, लोक फक्त कोट घालत होते. लाँगबोची कागदाची मिल बंद होणार, अशी नोटीस मिलच्या फाटकावर लागली होती. खाली पोरं खेळतच होती. क्लेमाँने गोल केला आणि काठी उंचावून वर बघितलं, तर टाळी वाजवायला कुणी नाही.

"काय झालं?" लाँगबोच्या एका पोराने ऑर्विलला विचारलं. "सगळे गेले कुठे?"

"खेळ तू," ऑर्विल म्हणाला. "अजून वेळ आहे."

त्यानंतर घसरण थांबली नाही. मिल गेली तशी लाँगबोची घरं एकेक करून रिकामी झाली. ड्यूफो म्हणालं, एवढ्या लांब बस पाठवायची कुणासाठी? टर्न लेकच्या संघात मोठी पोरं उरलीच नाहीत. तिसऱ्या हिवाळ्यात लीगमध्ये संघ उरले दोन. केस्ट्रल विरुद्ध लाँगबो, पुढच्या आठवड्यात लाँगबो विरुद्ध केस्ट्रल. पोरं एकमेकांना इतकी ओळखायला लागली की मारामारीसुद्धा होईना. धडक दिली की "लागलं का रे?" म्हणून विचारायची. लोकांनी यायचं सोडलं. कढईतलं तेल तापवायचं की नाही, हा मला प्रश्न पडायचा. दक्षिणेचा माणूस परत फिरकला नाही. दोन संघांची लीग बघायला कोण एवढा बर्फ तुडवत येतो?

अंतिम सामन्याच्या दिवशी ऑर्विल आला तो अर्धा संघ घेऊन. बाकीची घरं त्याच आठवड्यात सामान भरून गेली होती.

"सोड रेनो," तो म्हणाला. "चषक तुझा. घरी जाऊ, सौनाच्या वाफेत बसू, दोन बाटल्या उघडू."

"सामना होणार," रेनो म्हणाला. त्याने आमच्या पोरांवरून नजर फिरवली आणि तिघांना बोलावलं. "तुम्ही आज त्यांच्याकडून खेळायचं." त्यात क्लेमाँ होता.

"आपल्याच विरुद्ध, कोच?"

"हो."

"खरंखरं खेळू, का…?"

"खरंखरं."

क्लेमाँ खरंखरं खेळला. लाँगबोचा ढगळ सदरा अंगात, पाठीवर दुसऱ्याच कुणाचं नाव. जिंकवणारा गोल त्यानेच केला, तोही स्वतःच्या जिवलग मित्राला चकवून, आणि मान खाली घालून परत फिरला. मोजक्या बघ्यांपैकी एकजण फिदीफिदी हसला. दुसरा म्हणाला, "हाकालाचं डोकं फिरलंय," आणि निघून गेला. रेनोने चषक ऑर्विलला दिला.

"मी याचं करू काय?" ऑर्विल म्हणाला. "मुलीकडे चाललोय शहरात. तिच्या फ्लॅटात माझ्या खुर्चीलाच जागा नाही." पण रेनोचा चेहरा बघून त्याने तो घेतला, कोटाच्या आत धरला, आणि दोघं जुने प्रतिस्पर्धी तिथेच उभे राहिले.

शरदात पालिकेने सांगितलं, एका संघासाठी रिंकमध्ये बर्फ गोठवता येणार नाही. रेनो भांडला, त्याने आदळआपट केली. उपयोग झाला नाही.

त्याच सुमारास क्लेमाँ रेनोच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. आता अंगाने भरलेला, मिशी फुटलेली. आमच्या मिलमध्येही नवी भरती बंद झाली होती.

"कोच, टाउनोचा नंबर द्याल? तिकडे विहिरींवर माणसं घेतायत म्हणे."

हेल्वी हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागली. रेनोने नंबर दिला नाही; स्वतःच फिरवला. कामगारांच्या निवासातला फोन, कुणीतरी टाउनोला हाका मारत गेलं.

"टाउनो? मी. बाबा."

पलीकडचा आवाज मोठा होता, आम्हाला ऐकू येत होता. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. एक पोरगा आहे इथे. मेहनती आहे. तुझ्याकडे काम असेल तर…"

"हॉकीवाला?"

"होता."

"पाठवा. जाड हातमोजे घेऊन ये म्हणावं."

"टाउनो," रेनो म्हणाला आणि फोन दोन्ही हातांनी धरला. "त्या वर्षी तिथे तुला… कुणी काही…"

"बाबा, मागे रांग आहे. ठेवतो."

रेनोने फोन ठेवला आणि क्लेमाँला म्हणाला, "काम आहे. जाड हातमोजे ने."

क्लेमाँ गेला. त्याला सोडायला सोलांज होती आणि आम्ही. रेनोशी ती एक शब्द बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही. रिंकमध्ये पालिकेने रस्त्यावर टाकायचं मीठ भरून ठेवलं. काही वर्षांनी आमचीही मिल बंद झाली. टाउनो तिकडेच राहिला. हेल्वीच्या दफनाला आला, थडग्याशी बापाच्या शेजारी उभा राहिला, आणि संध्याकाळच्या बसने परत गेला.

क्लेमाँ आला तो सोलांज वारली तेव्हा. उजव्या हाताची दोन बोटं यंत्राच्या साखळीत गेली होती. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत होते. तो कप घेऊन रेनोजवळ येऊन बसला.

"एक विचारू, कोच?"

"विचार."

"मी खरंच चांगला होतो का? म्हणजे, तिथे गेलो असतो तर टिकलो असतो?"

"टिकला असतास," रेनो लगेच म्हणाला. "त्यांच्यातल्या कुणाहीपेक्षा चांगला होतास तू."

क्लेमाँने मान हलवली, कॉफी संपवली, लोकांशी हात मिळवत मिळवत तो दाराकडे गेला.

रेनोला मी गाडीतून घरी सोडलं. दारात गाडी थांबली तरी तो उतरेना.

"आयली, मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"खोटं कसलं? पोरगा चांगलाच होता."

"मला माहीत नाही गं. कुणाशी ताडून बघायचं? मी त्याला दुसऱ्या कुणाशी खेळूच दिलं नाही."

गाडीची काच आमच्या श्वासांनी धुरकट झाली होती. त्याने पट्टा सोडला, दार उघडलं, आणि कठडा धरून एकेक पायरी चढत घरात गेला.