अंधारातली रेघ

१९८४ चा श्रावण. सुहासिनीताई जाऊन महिना झाला होता. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात चार वर्षं खपून त्यांनी काचपट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढवला होता. पट्टी द्रावणात बुडवायची, तिच्यावर दिव्याचा झोत सोडायचा. उजेड असेतो वीज वाहते, झाकला की थांबते, आणि रेकॉर्डरचं पेन कागदावर तशा पायऱ्या काढतं. ताईंना कावीळ झाली आणि एकच आलेख राहून गेला, पूर्ण अंधारातला. तो शून्यावर सरळ आला नाही, तर प्रबंधाचे परीक्षक सगळी मोजणीच चूक ठरवणार. चार वर्षं पाण्यात. ते काम माझ्याकडे, त्यांच्या मदतनिशीकडे, आलं.

स्टॉपवॉच बिघडल्यापासून ताई नामं घेत वेळ मोजत. सूर्याची बारा नामं उजेड, बारा नामं अंधार. "काम होतं आणि नामही घडतं गं," म्हणायच्या.

दुपारी पट्टी काळ्या पेटीत ठेवली. दिवा बंद. बाहेर टेबलावर पेन शून्यावर टेकलं, आणि चढलं. थांबलं. उतरलं. पुन्हा चढलं.

ताईंचे मार्गदर्शक असलेल्या जयवंत सरांनी कागद पाहिला. "कुठूनतरी उजेड शिरतोय."

"दिव्याची वायरच काढलीय, सर."

"मग परीक्षकांना काय कळवू? आमच्या अंधारात उजेड पडतो? नीट कर, उत्तरा. आजच पाठवायचंय."

पेटीवर काळं कापड दुहेरी घातलं. पेन चढलंच. मी मनात नामं सुरू केली. मित्र, रवि, सूर्य... बाराव्याला, भास्करला, पेन उतरलं. पुढच्या खेपेला मी मुद्दाम घाई केली. पेनाला घाई नव्हती. प्रत्येक पायरीच्या मधोमध ते किंचित थरथरत होतं. हिरण्यगर्भ म्हणून झालं की ताई तिथेच श्वास घ्यायच्या.

पेटीवर हात ठेवून हळूच म्हटलं, "ताई, तुमचंच काम आहे हो. आता पुरे करा ना."

पायरी अर्धी टाकून पेन खाली आलं. मग अर्धा तास रेघ सरळ.

"झकास! एवढंच तर होतं," म्हणत सरांनी रेघेखाली सही केली आणि कागद घेऊन गेले.

आवरण्याआधी मी दिवा जोडला, पेटी उघडली. झोतात पट्टी पिवळीधमक दिसत होती. पेन हललं नाही. तारा तपासल्या, द्रावण बदललं, नामं घेतली. पेन शून्यावर.

परत या, असं ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. दिवा बंद केला.