कोऱ्या कडा

डोंगरातल्या त्या वळणावळणाच्या रस्त्यावर माणसाचं तोंड मागाहून बघतात, आधी बघतात त्याच्या टायरच्या कडा. मोटरसायकल वळणात आडवी घातली की कडा झिजते. भित्र्याची कोरी राहते.

ओपल हॅटमेकरचं टायरचं दुकान अमेरिकेतल्या टेनेसीत, त्याच रस्त्याच्या तोंडाशी. नवरा थर्मन गेल्यापासून तिने एकटीने रेटलेलं. जावई एल्डन कॅन्ससचा, सपाट मुलखातला. सोमवारी तो रोडाला घेऊन कायमचा तिकडे निघणार होता. रोडा म्हणजे ओपलची एकुलती एक लेक. ती जाणार, हा घास काही ओपलच्या घशाखाली उतरत नव्हता.

शनिवारी एल्डनने मोटरसायकल दुकानात आणली. मागचा टायर मधोमध झिजून पाटासारखा सपाट झालेला, कडांना मात्र ओरखडा नाही.

"अगं बाई!" बाकावर कॉफी ढोसत बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने ओपल ओरडली. "कडांवर कारखान्यातले रबराचे केससुद्धा तस्सेच आहेत! जावईबापू, दाढी तरी करा की त्यांची!"

बाकावर खसखस पिकली. एल्डनचे कान तापले.

"ओपलबाई, आमच्याकडे वळणंच नाहीत. मला कडक रबराचे द्या. जास्त टिकतात."

"टिकतात ना! घोड्याच्या नालासारखे टिकतात, आणि वळणात नालासारखेच घसरतात. आमच्या थर्मनने जन्मात कडक टायर घातला नाही. मऊ घे. एका उन्हाळ्यात संपतील, पण पोरीला नवरा केल्यासारखं तरी वाटेल."

"आई, पुरे झालं!" रोडा आतून म्हणाली.

एल्डनने बाकाकडे पाहिलं. "मऊच घाला."

ओपलने स्वतःच्या हाताने टायर चढवले. कोऱ्या टायरवर साच्यातला बुळबुळीतपणा असतो, पहिले शंभर मैल गाडी झुकवायची नाही, हे ती आल्यागेल्या प्रत्येकाला बजावायची. चर्चच्या पाद्र्यालाही तिने सोडलं नव्हतं. सरळ रस्त्यांवर जन्म काढलेल्या एल्डनला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"जा," ती म्हणाली, "दाखव या मंडळींना काय ते."

तिसऱ्याच वळणात मागचं चाक घसरलं. मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याचा चुरा झाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रोडाने आईला गाठलं. "त्याला सांगितलं होतंस? नव्या टायरचं?"

"कुक्कुलं बाळ आहे का तो?"

"आई. सांगितलंस की नाही?"

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सोमवारी तू गेली असतीस."

रोडा भिंतीला टेकून खाली बसली.

कॅन्ससची नोकरी गेली, तिथलं घरही सुटलं. एल्डनची खाट ओपलच्या मागल्या खोलीत पडली. "ओपलबाई, तुमचे उपकार," तो म्हणायचा. "चूक माझीच होती."

"होय रे बाबा, तुझीच."

रोडा ऐकून घ्यायची. खरं सांगून त्या लंगड्या माणसाला घेऊन जायचं कुठे? ती त्याला अंघोळ घाली, दुकान सांभाळी, तिघांची ताटं वाढी. आईशी मात्र एक अक्षर बोलत नसे.

"नको बोलूस," पावाचा तुकडा रश्शात बुडवत ओपल म्हणाली. "माझ्या घरात आहेस ना? मग झालं तर."