आजीचा गूळ आणि हमिंगबर्डची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. पण मला लोणच्याची किंवा सरबताची समजू नका हं! माझ्या तळाशी लाल बशी आहे आणि तिला फुलांच्या आकाराची चार भोकं. हमिंगबर्ड नावाच्या चिमुकल्या पाखरांना साखरपाणी पाजण्यासाठी मला घडवलं. अंगठ्याएवढं ते पाखरू! हवेत एका जागी थांबून, पंख भिरभिरवत ते पाणी पिऊ लागलं की माझ्या काचेला गुदगुल्या व्हायच्या.

माझी उमेदीची वर्षं अमेरिकेतल्या टूसॉन गावात, शैलाच्या अंगणात गेली. शैला मोठी कडक बाई. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस्स! रंग नाही, मध नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी मला रिकामी करून गरम पाण्यानं घासायची. "पाहुण्यांना शिळं वाढायचं नाही," म्हणायची. मला त्या घासण्याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, तेच माझं कौतुक होतं.

पुढे शैला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे पाखरं फिरकेनात. दोन वर्षं मी खोक्यात धूळ खात पडले. मग एका सुट्टीत ती नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला बहिणीकडे आली आणि आठ वर्षांच्या भाचीला, आर्याला, आठवण म्हणून मला देऊन गेली. आर्यानं मला गालाशी धरलं. कित्येक दिवसांनी कुणीतरी मला हात लावला होता. मी तिथल्या तिथे तिची झाले.

मे महिन्यात पुण्याहून प्रमोदिनीआजी आली, म्हणजे शैलाची आई. नातीनं विचारलं, "आजी, इथे पण हमिंगबर्ड येईल ना?"

"न यायला काय झालं? माझ्या जास्वंदीवर रोज येतात की तसली! प्रेमानं ठेवलं की पाखरू येतंच."

आणि आजीनं मला भरलं ते चक्क गुळाच्या पाण्यानं! "पांढरी साखर म्हणजे विष. नातवंडांना देत नाही, ती पाखरांना कशी देऊ?" कोल्हापुरी गूळ तिनं बॅगेतून खास आणला होता. मी आतल्या आत किंचाळत होते, पण बाटलीचं कोण ऐकतं!

तिकडे आर्यानं वर्गात जाहीर करून टाकलं, की जूनमध्ये माझं स्प्रेकब्यूर्ट असेल तेव्हा मी आमच्या बाल्कनीतल्या हमिंगबर्डचा फोटो दाखवणार. स्प्रेकब्यूर्ट म्हणजे इथल्या मुलांचं वर्गापुढचं भाषण. रोज शाळेतून आली की ती दप्तर टाकून माझ्यापुढे बसायची. आल्या फक्त मुंग्या आणि गांधीलमाश्या. पाणी आंबलं, बशीच्या कडेला काळी बुरशी चढली आणि भाषणाला दोन दिवस उरले.

तेव्हा शैलाचा व्हिडिओ कॉल आला. माझ्यातलं तपकिरी पाणी पाहताच ती ओरडली, "आई, गूळ? अगं, गुळानं आणि असल्या बुरशीनं जीव जातो त्यांचा!"

"मग येत का नाहीत ती?" आर्यानं विचारलं.

शैलाचा आवाज खाली आला. "बाळा, हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत असतात. आजीच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, वेगळा पक्षी. मला वाटलं तुला माहीत आहे. चुकलंच माझं."

आर्या बाल्कनीत येऊन ढसाढसा रडली. "आय टोल्ड एव्हरीवन, आजी! सगळे हसतील. मावशीकडचा फोटो आपला म्हणून दाखवू? नोबडी विल नो."

आजी तिच्याशेजारी फरशीवर टेकली. मग म्हणाली, "दाखव, पण मावशीचा म्हणून दाखव. आणि गुळाचं खापर खुशाल माझ्यावर फोड." मग उठून तिनं मला लख्ख घासलं.

वर्गापुढे आर्यानं मला हातात धरलं होतं. "आमच्याकडे हमिंगबर्ड आला नाही, येणारही नाही," ती डचमध्ये म्हणाली. मागची दोन मुलं हसलीच. ती पुढे सांगत गेली. मावशीचा फोटो, साखरेचं माप, घासणं, आणि आमचा गूळ, बुरशीसकट.

हसणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे पक्षी आला असता तर तुम्ही त्याला मारलं असतं?"

"हो," आर्या म्हणाली. "खूप प्रेमानं."

वर्गात कुणीच हसलं नाही.

त्या संध्याकाळी शैला फोनवर बोलता बोलता म्हणाली, की हल्ली तिच्या खिडकीशी एक हमिंगबर्ड घिरट्या घालतो. "मी दुसरी बाटली घेईन गं, ही तुझीच." आर्यानं मला कितीतरी वेळ मांडीवर धरून ठेवलं. शेवटी म्हणाली, "नाही मावशी. ही तिकडे लागेल."

आता मी तिच्या लोकरी मोज्यांत गुंडाळून पार्सलच्या खोक्यात बसले आहे. खोटं कशाला बोलू, मला तिच्या बाल्कनीत रिकामं राहायलाही आवडलं असतं. मित्रांनो, तुमच्या दारी शिंजीर येवो की चिमणी, त्याला काय चालतं ते आधी जाणत्याला विचारा. भांडं घासायचा कंटाळा करू नका. आणि एखाद्याची गरज दुसरीकडे असली, तर आर्यासारखं त्याला जाऊ द्या. खोक्याला चिकटपट्टी लावण्याआधी तिनं माझ्या काचेवर ओठ टेकले. तो ठसा मात्र शैलानं घासू नये, एवढंच माझं मागणं आहे.